माळवदावरची पांढरी

मे महिन्यात परतूर किंवा मंठ्याकडच्या एखाद्या जुन्या माळवदाच्या घरात भर दुपारी शिरा. बाहेर पारा चाळिशीपार, आत डोळा लागावा असा गारवा. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती आणि वर फूटभर माती. बाहेरचं ऊन आत झिरपायला इतके तास लागतात, की तोवर दिवस मावळतो. मग घरातली माणसं अंथरूण घेऊन माळवदावर!

हे घर खणांत मोजतात. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर किलचन, पाला आणि शेवटी माती. शेतातली काळी इथे चालत नाही. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं, वाळलं की भेगाळतं. लागते ती पांढरी, जुन्या गावठाणाची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि पडक्या भिंतींचा चुरा तिच्यात मुरलेला. ती फारशी फुगत नाही, म्हणून तडकतही नाही. थोडा उतार, पन्हाळ, आणि जालन्याचा बेताचा पाऊस, एवढ्यावर भागतं. बारमाही पावसाच्या आयर्लंडात मात्र खेड्यातल्या घराला उभ्या उताराचं गवती छप्परच लागे.

भोकरदनच्या पांढरीत 1973 साली उत्खनन झालं आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. अशी कितीतरी टेकाडं खणून छतांवर गेली. मराठवाड्याचा थोडाबहुत इतिहास माळवदांवरच पसरलाय म्हणा ना!

खोट वेगळीच. मृगाआधी गळती बुजवायला नवी माती पडते. जुनी कोण काढतो? फूटभर थराचं वजन चौरस मीटरला सुमारे 500 किलो, दोन फुटांचं टनभर. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हेच ओझं हजारोंच्या अंगावर आलं. भिंतींचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते. त्या मधोमध फाटल्या. जिथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती ढासळूनही काही खण उभे राहिले. बदनाम झालं ते सरसकट माळवद. त्याच्या जागी गावोगाव स्लॅब आले. ते मे महिन्यात रात्रीही तापलेले असतात.

ज्यांची माळवदं शाबूत आहेत त्यांनी यंदा नवी माती टाकण्याआधी जुनी खरवडून काढावी. थर वीतभरच ठेवावा, मध्ये जाड प्लास्टिकचा कागद घालावा, आणि खांबांना वाळवी लागली नाही ना, हे जाणत्या सुताराकडून बघून घ्यावं.