नम्रता, दैन्य आणि ईश्वरी प्रेम

ख्रिस्ती ध्यानपरंपरेत नम्रता हा केवळ सदाचाराचा नियम नसून ज्ञानाचा मार्ग मानला गेला आहे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमावलीत तिच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. क्लेअरव्होच्या बर्नार्डने (१०९०-११५३) या पायऱ्यांचा अर्थ सत्यशोधनाच्या क्रमाने लावला. स्वतःविषयीचे सत्य ओळखणे ही नम्रता; त्या ओळखीतून शेजाऱ्याच्या दुर्बलतेविषयी उपजते ती करुणा; आणि करुणेने निवळलेल्या चित्तास घडते ते ईश्वराचे दर्शन. प्रेमाचा आरंभही तो स्वार्थातच पाहतो. मनुष्य प्रथम स्वतःसाठी स्वतःवर, पुढे स्वहितासाठी ईश्वरावर, मग ईश्वरासाठीच ईश्वरावर, आणि अखेरीस ईश्वराप्रीत्यर्थ स्वतःवर प्रेम करू लागतो. नम्रतेची परिणती आत्मतिरस्कारात होत नाही, हे या शेवटच्या पायरीवरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात या विवेकाला विशेष महत्त्व आहे. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात पूर्वाश्रमीच्या महार व मांग कुटुंबांचा मोठा भरणा होता. ज्यांच्यावर हीनत्व पिढ्यान् पिढ्या लादले गेले, त्यांना नम्रतेचा उपदेश करणे म्हणजे तेच दैन्य धर्माच्या नावाने दृढ करणे नव्हे काय? बर्नार्डच्या विवेचनातून याचे उत्तर निघते. दैन्य दुसऱ्याकडून लादले जाते व ते असत्यावर उभे असते. नम्रता मनुष्य स्वतः स्वीकारतो व ती सत्यावर उभी असते. म्हणून उच्चत्वाचा अभिमान सोडण्याचा भार प्रथम अभिमानी माणसावर पडतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) व लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या जीवनात याचे प्रत्यंतर सापडते. चित्पावन कुळात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या भक्तिमार्गानेच आपण ख्रिस्ताजवळ आलो, अशी त्यांची भावना होती, व दास्यभक्तीची परिभाषा त्यांनी आपल्या अभंगांत स्वाभाविकपणे आणली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे प्रवेश होता. नाशिकनजीकच्या जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे परिवर्तन मात्र सावकाश झाले. पतीकडे परतल्यावरही त्यांनी सोवळे पाळले. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, ही जाणीव झाल्यावर ते गळून पडले. 'स्मृतिचित्रे'त त्या स्वतःच्या हट्टांकडे ज्या प्रांजळ विनोदाने पाहतात, ती आत्मज्ञानरूप नम्रताच होय.

याच नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथील धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात. तेथेही अहंकाराचा क्षय अभिप्रेत आहे आणि शिबिराच्या अखेरीस मैत्रीभावना शिकविली जाते. परंतु त्या साधनेत संवेदनांच्या अनित्यतेचे निरीक्षण हे साधन असते. ईश्वराची अपेक्षा तीत नसते. ख्रिस्ती ध्यानात नम्रता ही संबंधातून उद्भवते: आपल्यावर आधीच प्रेम केले गेले आहे, या प्रत्ययाने साधक निर्भय होतो, आणि निर्भय झालेल्यालाच स्वतःचे खरे रूप पाहवते. नम्रतेने प्रेमाची पात्रता मिळत नाही. प्रेमानेच नम्र होण्याचे धैर्य मिळते. लादलेल्या दैन्याला असे धैर्य कधीच देता येत नाही. नम्रतेची खरी कसोटी हीच होय.