झिलईची परीक्षा

मातीच्या भांड्यावरील झिलई म्हणजे भांड्याला घट्ट चिकटलेला काचेचा पातळ थर होय. काच घडवणारे मुख्य द्रव्य सिलिका. परंतु शुद्ध सिलिका वितळण्यास १७०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते आणि कुंभाराच्या भट्टीत ते मिळत नाही. म्हणून सिलिकेत अभिवाह, म्हणजे तिला वितळण्यास साहाय्य करणारी द्रव्ये, मिसळावी लागतात. चुना, सोडा, पोटॅश, मॅग्नेशिया, जस्ताचे ऑक्साइड ही त्यांपैकी नेहमीची होत. तिसरा घटक ॲल्युमिना. तो वितळलेल्या काचेला दाटपणा आणतो आणि ती भांड्यावरून ओघळू देत नाही. या तिहींचे प्रमाण कोणत्या तापमानाला किती असावे, हा झिलईविद्येतील मूळ प्रश्न आहे.

चेन्नईत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी सुरू झाला. अलेक्झांडर हंटर या शल्यवैद्याने १८५० मध्ये तेथे स्वखर्चाने एक कलाशाळा काढली, पुढच्या वर्षी तिला उद्योगशाळेची जोड दिली आणि १८५५ मध्ये सरकारने ती आपल्याकडे घेतली. कुंभारकामाचा तिच्या शिक्षणात समावेश होता. दक्षिणेतील माती व खनिजे भांड्यांसाठी कितपत उपयोगी पडतील, याचा शोध घेण्याकडे हंटर यांचा ओढा होता. तीच संस्था आज शासकीय ललित कला महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. इंग्लंडमधील कृती जशीच्या तशी उतरवून न घेता हाताशी असलेले द्रव्य तपासावे, ही त्यामागील दृष्टी आजही उपयोगी आहे.

चेन्नईच्या दक्षिणेस पुदुच्चेरी येथे रे मीकर व डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरीची स्थापना केली. तेथे सुरूच्या लाकडावर उच्च तापमानाची भाजणी रुजली आणि त्या कार्यशाळेतून अनेक कलावंत तयार झाले. परंतु दाट वस्तीच्या शहरात लाकडाच्या धुराला जागा नसते. तेथे विजेची भट्टी सोयीची. तीही मध्यम तापमानावर थांबवली, तर वीज वाचते आणि भट्टीतील तारा अधिक काळ टिकतात. अडचण एवढीच, की उच्च तापमानासाठी रचलेली झिलई मध्यम तापमानाला पुरती वितळत नाही.

तापमान म्हणताना केवळ अंश सांगून भागत नाही. उष्णता किती वेळ मिळाली, यावरही द्रव्यांचे वितळणे अवलंबून असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान सेगर यांनी १८८६ मध्ये यासाठी झिलईसारख्याच द्रव्यांचे शंकू योजले. ठराविक उष्णता मिळाली की शंकू झुकतो. आज सर्वत्र प्रचलित असलेल्या ऑर्टन मालिकेतील सहावा शंकू, तापमान ताशी ६० अंशांनी वाढवल्यास, सुमारे १२२२ अंशांना झुकतो, तर दहावा सुमारे १२८५ अंशांना. मध्यम भाजणी म्हणजे साधारणतः चौथ्या ते सहाव्या शंकूची भाजणी.

उदाहरणादाखल बर्नार्ड लीच यांच्या नावाने ओळखली जाणारी एक कृती घेऊ. फेल्डस्पार ४० भाग, गारेची पूड ३०, खडूची पूड २० आणि केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, १०. उच्च तापमानाला तिची स्वच्छ, तुकतुकीत झिलई होते. सहाव्या शंकूला मात्र तीच मंद व खरबरीत दिसते. तिच्यातील खडूही लक्षात घेण्याजोगा आहे. १०० ग्रॅम खडू तापवला असता ५६ ग्रॅम चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. झिलई पुरेशी पातळ झाली नाही, तर वायूचे बुडबुडे तिच्यात अडकून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात.

यावर नेहमीचा उपाय बोरॉनचा. बोरॉन सिलिकेप्रमाणे काच घडवतो आणि तिचा द्रवणबिंदूही खाली आणतो. टाकणखारात बोरॉन असतो, पण तो पाण्यात विरघळतो आणि झिलईच्या पाण्याबरोबर भांड्याच्या छिद्रांत शिरतो. म्हणून तो इतर द्रव्यांसह आधी वितळवून, काच करून, दळून वापरतात. या दळलेल्या काचेला फ्रिट म्हणतात. बाजारात शिसेयुक्त फ्रिटही मिळते. खाण्याच्या भांड्यांसाठी ती वर्ज्य समजावी.

फ्रिट किती घालावी, हे अंदाजाने न ठरवता क्रमवार मिश्रणाने शोधावे. मूळ कृतीचे प्रत्येकी १०० ग्रॅमचे सहा वाटे करावेत. पहिला तसाच ठेवून उरलेल्यांत ५, १०, १५, २० व २५ ग्रॅम फ्रिट मिसळावी. सर्व वाटे एकाच चाळणीतून गाळून त्यांचा दाटपणा सारखा राखावा. ज्या मातीची भांडी करावयाची, तिच्याच चाचणी-फरशा घ्याव्यात. त्या उभ्या राहतील अशा असाव्यात, म्हणजे झिलई किती ओघळते हे कळते. प्रत्येक फरशीचा अर्धा भाग एकदा व अर्धा दोनदा बुडवावा, मागे लोहाच्या ऑक्साइडने क्रमांक घालावा आणि भट्टीत खाली व वर शंकू ठेवावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्यास फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

पुष्कळ फ्रिटींत ॲल्युमिना फारच थोडा असतो. त्यामुळे फ्रिट वाढली की झिलईतील ॲल्युमिनाचा वाटा घटतो आणि ती ओघळू लागते. तो तोल केओलिन वाढवून सावरता येतो. हा हिशेब मांडण्यासाठी सेगर यांचेच सूत्र वापरतात. त्यात सर्व अभिवाहांची रेणुसंख्या मिळून १ धरतात आणि तिच्या तुलनेत ॲल्युमिना व सिलिका मोजतात. सहाव्या शंकूच्या तुकतुकीत झिलईत ॲल्युमिना साधारणतः ०.२५ ते ०.४ आणि सिलिका २.५ ते ४ या दरम्यान आढळते. फेल्डस्पारची नवी गोणी आली की तिचे रासायनिक विश्लेषण पाहून हिशेब पुन्हा करावा लागतो, कारण खाणीगणिक पोटॅश व सोड्याचे प्रमाण बदलते.

फरशीवर साधलेली चकाकी ही केवळ पहिली पायरी होय. दक्षिणेतील स्वयंपाकात चिंच, दही व लिंबू रोजचे. महाराष्ट्रातही लोणच्याची बरणी आंबट द्रव्य महिनोन्‌महिने पोटात बाळगते. सिलिका व ॲल्युमिना कमी असलेली झिलई चकाकत असली तरी आम्लाने झिजते आणि तिच्यातील तांबे किंवा मँगनीज अन्नात उतरू शकते. घरच्या तपासणीसाठी लिंबाची फोड किंवा व्हिनेगर झिलईवर रात्रभर ठेवावे. रंग फिकटला अथवा चकाकी गेली, तर ती झिलई भांड्याच्या आत लावू नये. तथापि डाग पडला नाही म्हणजे झिलई निर्दोष ठरली, असेही नव्हे. प्रयोगशाळेत ४ टक्के ॲसेटिक आम्ल भांड्यात २४ तास ठेवून त्यात उतरलेले शिसे व कॅडमियम मोजतात. विक्रीच्या भांड्यांसाठी तीच परीक्षा ग्राह्य होय.

दुसरी परीक्षा झिलई व माती यांच्या मेळाची. निवताना झिलई मातीपेक्षा अधिक आकसली, तर तिच्यावर केसासारख्या भेगा पडतात. सोडा व पोटॅश आकुंचन वाढवतात, सिलिका व बोरॉन ते कमी करतात. म्हणून थोडी सिलिका वाढवणे हा भेगांवरील पहिला उपाय. भांडे आळीपाळीने उकळत्या व बर्फाच्या पाण्यात घालून, नंतर त्यावर शाई चोळली असता लपलेल्या भेगा दिसतात.

तिसरी परीक्षा मातीचीच. बिनझिलईचा भाजलेला तुकडा कोरडा तोलून, काही तास पाण्यात उकळून पुन्हा तोलावा. वजन दोन-तीन टक्क्यांहून अधिक वाढले, तर ती माती त्या तापमानाला पुरती भाजत नाही असे समजावे. सच्छिद्र माती ओलाव्याने सावकाश फुगते, त्यामुळे समुद्रकाठच्या दमट हवेत निर्दोष दिसणाऱ्या भांड्यावर काही महिन्यांनीही भेगा उमटू शकतात. अशा बरणीतून तेल झिरपते आणि भेगांत अन्नाचे कण अडकतात. उच्च भाजणीची माती मध्यम भट्टीत वापरताना म्हणून झिलईबरोबर मातीचीही कृती बदलावी लागते.

या सर्व परीक्षांची नोंद वहीत ठेवावी. द्रव्यांची वजने, गोणीचा क्रमांक, तापमान वाढवण्याचा वेग, शंकूंची स्थिती आणि प्रत्येक फरशीचा निकाल तीत असावा. फसलेल्या फरशाही टाकून देऊ नयेत. नवी गोणी उघडल्यावर झिलई बिघडली, तर कारण शोधण्यास त्यांचाच आधार मिळतो. भांडे विकत घेणारा त्याची चकाकी पाहू शकतो, तिची रचना त्याला दिसत नाही. म्हणून ही तपासणी भांडे भट्टीतून दुकानात जाण्यापूर्वी करणाऱ्यानेच केली पाहिजे.