'नकुशी' : एका विशेषनामाचा अर्थविचार

मराठी व्यक्तिनामांत हीनार्थक नावांचा एक वर्ग अभ्यासकांस सुपरिचित आहे. दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा ही त्याची ठळक उदाहरणे होत. लागोपाठ मुले दगावलेल्या घरी पुढील अपत्यास असे नाव ठेवीत. दगडावर वा केरावर काळाची दृष्टी कशाला जाईल, हा त्यामागील तर्क. 'नकुशी' किंवा 'नकुसा' हे मुलीचे नावही पुष्कळदा ह्याच वर्गात ढकलले जाते. हे वर्गीकरण सदोष आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहावी. 'नको' हे निषेधवाचक रूप लिंगानुसार बदलत नाही : तो नको, ती नको, ते नको. त्यास 'सा' हा प्रत्यय लागला म्हणजे 'नकोसा, नकोशी, नकोसे' असे विकारी विशेषण सिद्ध होते. स्त्रीलिंगी रूपातील 'श' हा 'जसा-जशी', 'असा-अशी' ह्यांत दिसतो तोच. बोलीत मधला 'ओ' ऱ्हस्व होऊन 'नकुशी' झाले. एरवी हे विशेषण उकाड्याला, दुर्गंधीला, फार दिवस राहिलेल्या पाहुण्याला लावतात. येथे ते विशेषनाम झाले आहे. पुरुषनाम म्हणून 'नकोसा' मात्र रूढ झाले नाही. व्याकरणाने मोकळी ठेवलेली ही जागा समाजाने भरलेली नाही.

आता अर्थाकडे वळू. 'दगडू' हे नाव उच्चारणाऱ्या आईच्या दृष्टीने मूल दगड नसते. ते अत्यंत हवे असते, म्हणूनच ते नकोसे असल्याचा बहाणा करावयाचा. हे नाव दैवास उद्देशून केलेले असत्य विधान होय. 'नकुशी' हेही दैवासच उद्देशून असते, कारण असे नाव ठेविल्याने पुढच्या खेपेस मुलगा होतो अशी समजूत आढळते. परंतु हे विधान सत्य असते. मुली पुरे झाल्या, हेच त्यात सांगावयाचे असते. शब्दकोशात दोन्ही नावे हीनार्थक ठरली, तरी त्यांच्यामागील हेतू परस्परविरुद्ध आहेत. दगडूबाई, धोंडूबाई अशी स्त्रीनामेही आहेत, व ती पहिल्या प्रकारात मोडतात. म्हणजे मुलीचा जीव जपण्यासाठी योजलेली हीन नावे मराठीस अपरिचित नाहीत. त्यामुळे 'नकुशी'चे वेगळेपण अधिकच उठून दिसते.

'नथू' ह्या नावाचा संकेत ह्या संदर्भात विशेष बोलका आहे. मुलगा जगावा म्हणून त्याचे नाक टोचून त्यात नथ घालीत, जेणेकरून काळ त्यास मुलगी समजेल आणि सोडून देईल. मुलीस कोणी नेणार नाही हे येथे गृहीतच धरलेले आहे.

हा प्रकार एकट्या मराठीचा नव्हे. बंगालीतील 'आन्नाकाली' ह्या नावात 'आणखी नको, काली' अशी विनवणी आहे. तमिळमधील 'पोदुम्पोण्णु' म्हणजे 'मुली पुरे'. राजस्थानातील 'धापू' ह्याचा अर्थ 'पोट भरले'. ही नावे सामान्यतः पहिल्या मुलीस ठेवीत नाहीत. 'पहिली बेटी, धनाची पेटी' ही मराठी म्हणही स्वागत करते ते पहिलीचेच; दुसरी-तिसरीविषयी ती मौन पाळते. २००६ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे ११ लक्ष भारतीय कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेला लेख प्रसिद्ध झाला. पहिली मुलगी असल्यास दुसऱ्या जन्मात दर हजार मुलग्यांमागे ७५९ मुली, आणि पहिल्या दोन्ही मुली असल्यास तिसऱ्या जन्मात ७१९, असे प्रमाण त्यात आढळले. म्हणीतील मौनाचा अर्थ ह्या आकड्यांवरून लागतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा येथे जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने २८५ मुलींचा नामांतर समारंभ झाला. 'नकुशी'च्या जागी कोणी 'ऐश्वर्या' हे नाव निवडले, कोणी 'वैशाली'. दररोजच्या हाकेत व शाळेच्या हजेरीपटात स्वतःविषयीचा नकार ऐकत वाढलेल्या मुलींच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती. त्यांच्यापूर्वीच्या किती 'नकुशी' होत्या ह्याची मोजदाद मात्र दुष्कर आहे. विवाहसमयी वधूचे नाव बदलण्याच्या प्रथेमुळे अनेकींचे माहेरचे नाव सासरच्या कागदोपत्री उतरलेच नसणार. (एरवी टीकेस पात्र असलेली ही प्रथा काहींना सुटकेसारखीही वाटली असेल.)

हे नाव विरळ होणे हे प्रगतीचे गमक मानावे काय? येथे सावधगिरी अगत्याची आहे. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात २०११ साली ती ८०७ इतकी खाली गेली. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता, आणि केंद्राचा कायदा १९९४ चा आहे. म्हणजे ही घट कायदा असताना झाली. 'नकुशी' हे नाव ठेवण्यासाठी मुलगी जन्मास यावी लागते. कुटुंब दोन अपत्यांवर थांबू लागले आणि सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावी पोहोचले, तेव्हा ज्या तिसऱ्या मुलीस हे नाव मिळावयाचे तिचा जन्मच कित्येक घरांत टळला. नामसंग्रह करणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच नावासमवेत जन्मवर्ष, भावंडांतील क्रम आणि धाकट्या भावाचे असणे-नसणे ह्यांचीही नोंद घेतली पाहिजे. जन्मनोंदवहीत हे नाव नाही एवढ्यावरून त्या गावी मुलगी हवीशी झाली असे अनुमान काढता येत नाही.