हॉटेलात हात भाजला, बोट गेले, तर भरपाई कोणाकडून?

सुगी आटोपली की गावातली तरणी पोरे मुंबई-पुण्याची वाट धरतात. कोणी रंगकामाला जातो, कोणी वॉचमन होतो, आणि बरेच जण हॉटेलात लागतात. तिथे दोन वेळचे जेवण मिळते, राहायला माळा मिळतो, म्हणून आईबापांनाही बरे वाटते. पोरगा भटारखान्यात काय करतो, हे मात्र घरी कोणी विचारत नाही. डोशाचे पीठ वाटणारा ग्राइंडर, कणीक मळायचे यंत्र, उकळत्या तेलाची कढई, गॅसच्या टाक्या आणि पाण्या-तेलाने निसरडी झालेली फरशी, अशा ठिकाणी तो दहा-बारा तास वावरत असतो. एखाद्या रात्री फोन येतो, ‘पोराचा हात मशीनमध्ये गेला.’

मग बहुधा असे घडते. शेठ दवाखान्याचा खर्च करतो, हातावर दहा-वीस हजार ठेवतो, एका कागदावर अंगठा घेतो आणि पोराला गावी पाठवून देतो. घरचेही म्हणतात, माणूस भला, निदान दवाखाना तरी केला. पण मंडळी, भरपाई ही शेठची मेहेरबानी नव्हे. आपल्या देशात तिचा कायदा १९२३ सालापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ या नव्या कायद्यात सामावला गेला. पण मूळ तत्त्व तेच राहिले. काम करताना, कामामुळे अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यायची. चूक मालकाची होती हे सिद्ध करावे लागत नाही. पोराचे लक्ष नव्हते म्हणूनही हक्क जात नाही. तो दारूच्या नशेत होता किंवा त्याने यंत्राची संरक्षक जाळी मुद्दाम काढली होती, असे असेल तर मालकाला नाही म्हणता येते; तेही मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर नाही.

आता आकडा पाहू, कारण आकडा कळला की त्या दहा-वीस हजारांची किंमत कळते. समजा पोरगा वीस वर्षांचा आहे आणि पगार बारा हजार रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पगाराचे ६० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये, धरायचे आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. विसाव्या वर्षासाठी तो आकडा २२४ आहे. गुणाकार १६,१२,८०० रुपये होतो. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे कायद्याचे कोष्टक सांगते; म्हणजे ४,८३,८४० रुपये. मृत्यू झाला तर पगाराचे ५० टक्के धरून १३,४४,००० रुपये. भाजण्यासारखी इजा कोष्टकात नसेल, तर किती कमाई बुडाली ते डॉक्टर ठरवतो. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. पोरगा काही दिवसच कामाला मुकला, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा मिळतो. सबळ कारण नसताना मालकाने पैसे थकवले, तर व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो.

त्या अंगठ्याच्या कागदाचे काय? ‘मला सगळे मिळाले, आता काही मागणार नाही’ असे लिहून घेतले तरी हक्क सोडण्याचा तसला करार कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यूची भरपाई तर मालकाने परस्पर घरी आणून द्यायचीच नाही. ती सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करायची आणि त्याने वारसांना वाटायची. तेव्हा सही होऊन गेली म्हणून हात जोडून बसू नका.

दुसरी वाट ईएसआयची. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तर हॉटेलने ही विमा योजना लावायला हवी. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू होते. पगारातून शेकडा पाऊण रुपया कापतात, मालक सव्वातीन रुपये भरतो. कामावरच्या अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. उपचार होतात, पडून असेतो सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के मिळतात आणि अपंगत्व कायमचे असेल तर दरमहा रक्कम आयुष्यभर चालू राहते. ईएसआय असेल तर त्याच अपघातासाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. माझ्या मते हॉटेलातल्या पोरासाठी हीच वाट अधिक भरवशाची. विजेवर, गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या हॉटेलातला आचारी भरपाईच्या कायद्याच्या यादीत नावानिशी आहे. वेटरचे, भांडी घासणाऱ्याचे तसे नाही. त्यांच्या बाबतीत वाद निघतो. ईएसआयमध्ये आचारी आणि मोरीवरचा पोरगा सारखेच.

खरी अडचण कायद्याची नसून कागदाची आहे. पोराचे नाव हजेरीवर नसते, पगार रोखीने हातात पडतो आणि अपघातानंतर मॅनेजर म्हणतो, ‘हा आमचा माणूसच नव्हे.’ म्हणून पोरगा कामाला लागला की पहिल्याच महिन्यात त्याला ईएसआयचा नंबर विचारा. पगार बँकेत घे म्हणावे. हॉटेलचे नाव, पत्ता आणि शेजारी काम करणाऱ्या दोघांचे फोन घरच्या वहीत लिहून ठेवा. तो घरी पैसे पाठवतो, ते बँकेतून येऊ द्या. अविवाहित पोरगा दगावला तर विधवा आईचा हक्क सरळ असतो. बापाला मात्र आपण त्याच्या कमाईवर अवलंबून होतो हे दाखवावे लागते. तिथे हीच नोंद उपयोगी पडते. आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात पाठवूच नका, तो गुन्हा आहे.

अपघात झालाच, तर दवाखान्याच्या केसपेपरवर ‘अमुक हॉटेलात काम करताना’ असे लिहून घ्या. घाईत ‘घरी पडला’ असे लिहिले जाते आणि पुढे तेच नडते. मालकाला लेखी कळवा, त्याची प्रत आपल्याजवळ ठेवा. दावा दोन वर्षांच्या आत करा. त्यासाठी मुंबईला खेपा घालायची गरज नाही. आपण जिथे राहतो तिथल्या अधिकाऱ्यापुढेही तो दाखल करता येतो. जिल्ह्याच्या गावी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन अर्ज कोणाकडे द्यायचा ते विचारा आणि जाताना केसपेपर, बँकेचे पासबुक, आधार कार्ड व ती घरची वही बरोबर न्या.