अर्धवट कामांच्या बाई

मेल पाठवली की ती डोक्यातून गेली. पण तीच मेल ड्राफ्टमध्ये पडून असेल तर? लोकलमध्ये, जिममध्ये, अगदी सिनेमाच्या इंटरव्हलमध्येसुद्धा ती मध्येच डोकं वर काढते. या छळाला एक भारदस्त नाव आहे : झायगार्निक इफेक्ट. एखाद्या ट्रेनिंग सेशनमध्ये कानावरून गेलंही असेल. पण झायगार्निक हे कुणी साहेब नव्हेत, बाई होत्या. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाई!

ब्लूमा झायगार्निक मूळच्या लिथुआनियाच्या. बर्लिनला कुर्ट लेविन यांच्याकडे शिकत होत्या. असं सांगतात, की कॅफेतल्या वेटरला बिल भरेपर्यंत सगळ्या ऑर्डरी तोंडपाठ असायच्या आणि पैसे हातात पडले की साफ विसरायचा, त्यावरून विषय सुचला. ब्लूमांनी लोकांना वीसेक छोटी कामं दिली. मातीच्या आकृत्या, कोडी, गणितं, पुठ्ठ्याचे खोके. त्यातल्या निम्म्या कामांत माणूस अगदी रंगात आला की त्याला मध्येच थांबवायचं! (आपल्याकडे ही सेवा बॉस फुकटात देतो.) शेवटी विचारायचं, काय काय केलंत? अर्धी सोडलेली कामं लोकांना जवळपास दुप्पट आठवत होती. १९२७ मध्ये हे छापून आलं आणि नाव कायमचं चिकटलं.

पुढचं मात्र कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. १९३१ मध्ये त्या मॉस्कोला गेल्या, व्हिगोट्स्कींसोबत काम केलं. १९४० मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी नवऱ्याला उचललं, तो परतलाच नाही. पदरात लहान मुलं. त्यात युद्ध. उरल पर्वताकडच्या लष्करी हॉस्पिटलात, डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांमध्ये बाई काम करत राहिल्या. मेंदूला इजा झालेल्या, मनानं आजारी माणसाचा विचार कसा चालतो, कुठे अडतो, हाच त्यांचा खरा विषय. पॅथोसायकॉलॉजी म्हणतात त्याला, आणि तो त्यांनी मॉस्को विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवला. पेशंटला टेस्टमध्ये मार्क किती पडले, एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. तो कुठे चुकला, चूक त्याची त्याला कळली का, थोडी मदत दिली तर पुढे सरकला का, हे बघायचं. आपल्या अप्रेझलवाल्यांनी एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ!

आणि तो फेमस इफेक्ट? नंतरच्या अनेकांना तो सापडलाच नाही. २०२५ मध्ये जुने सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले, तर अर्धवट काम जास्त आठवतं याला फारसा आधार मिळाला नाही. टिकलं ते बर्लिनमधल्याच त्यांच्या सहकारी मारिया ओव्ह्सियांकिना यांचं म्हणणं : अर्धवट सोडलेल्या कामाकडे माणूस संधी मिळताच परत वळतो.

म्हणूनच तर शनिवारी रात्री आपण लॅपटॉप उघडतो. यावर उतारा अमेरिकेत मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी २०११ मध्ये शोधला. राहिलेल्या कामांमुळे लोकांचं वाचनात लक्ष लागेना. पण ते काम कधी, कुठे, कसं करणार हे नक्की ठरवलेल्यांना तो त्रास झाला नाही. काम मात्र त्यांचंही तस्संच पडून होतं! तेव्हा शुक्रवारी निघताना ‘रिपोर्ट बघू’ असं मोघम नको. सोमवार, सकाळी साडेदहा, आधी दुसरा तक्ता, मग अकाउंट्सला फोन, असं चिठ्ठीवर लिहा आणि ती कीबोर्डखाली सरकवा.