मोटार अपघातातील जखमी व्यक्ती आणि वकील नेमण्याचा निर्णय : एक विवेचन

प्रस्तावना

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या समजुतीमुळे मोटार अपघातात जखमी झालेल्या अनेक व्यक्ती विमा कंपनी देईल ती रक्कम मुकाट्याने स्वीकारतात. याउलट काही कुटुंबे रुग्णालयातच कुणाच्या तरी सांगण्यावरून वकीलपत्रावर सही करून मोकळी होतात. दोन्ही निर्णय घाईचे असतात, कारण आपला दावा कोणत्या स्वरूपाचा आहे हे त्यापूर्वी तपासलेलेच नसते. ग्रामीण भागात तर विद्यार्थ्यांचे पालक अशा प्रसंगी सल्ल्यासाठी प्राध्यापकांकडेच येतात. म्हणूनच वकिलाची गरज केव्हा असते आणि केव्हा नसते, याचा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या आधारे येथे विचार केला आहे.

कायद्याची चौकट

भरपाईचे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो, किंवा प्रतिवादी जेथे राहतो, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. जखमी व्यक्ती हा अर्ज स्वतः करू शकते. वकील असलाच पाहिजे असे बंधन नाही. कार्यपद्धतीही संक्षिप्त स्वरूपाची आहे.

२०१९ च्या दुरुस्तीतील यासंबंधीच्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या. त्यानुसार पोलिसांनी अपघाताची प्राथमिक माहिती ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणास द्यावयाचा असतो. हा अहवाल भरपाईचा अर्ज म्हणून विचारात घेता येतो. विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने त्यानंतर ३० दिवसांत भरपाईचा प्रस्ताव मांडावयाचा असतो. म्हणजेच वकील नसला तरी दाव्याची गाडी कागदावर तरी सुरू होते. ती योग्य ठिकाणी पोहोचेल की नाही, हा खरा प्रश्न आहे.

वकिलाविना चालू शकणारे दावे

कलम १६४ नुसार मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये निश्चित भरपाई मिळते. त्यासाठी वाहनचालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. दंडविधीतील व्याख्येप्रमाणे हाड मोडणे ही गंभीर दुखापत होय. हाड मोडले, परंतु काही आठवड्यांत ते पूर्ववत जुळले, कायमचे अपंगत्व राहिले नाही आणि रोजगारही टिकला, अशा प्रकरणात प्रत्यक्ष नुकसान या निश्चित रकमेहून बहुधा अधिक भरत नाही. तेथे उपचाराची कागदपत्रे नीट जपणे आणि पोलिसांकडील नोंदी तपासून पाहणे एवढे पुरेसे ठरते.

धडक देऊन पळून गेलेल्या व शोध न लागलेल्या वाहनाच्या बाबतीत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये देण्याची योजना आहे. हा अर्ज महसूल यंत्रणेतील चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. यासाठीही वकील अपरिहार्य नाही.

वकील आवश्यक ठरणारे दावे

कलम १६६ खालील दाव्याचे स्वरूप निराळे आहे. येथे रकमेला कमाल मर्यादा नाही. परंतु चालकाचा निष्काळजीपणा, अर्जदाराचे उत्पन्न आणि अपंगत्वाचा परिणाम पुराव्याने सिद्ध करावा लागतो. यांतील अपंगत्वाचा मुद्दा सर्वाधिक महत्त्वाचा आहे.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वैद्यकीय अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट यांत स्पष्ट भेद केला. हात गमावलेल्या सुताराची वा वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्णच थांबू शकते. तोच हात गमावलेल्या लिपिकाची नोकरी मात्र टिकू शकते. प्रमाणपत्रावरील टक्केवारी हीच कमाईतील घट नव्हे.

एका काल्पनिक उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. ३२ वर्षे वयाच्या, दरमहा २०,००० रुपये कमावणाऱ्या स्वयंरोजगारी कारागिराचे वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये होते. प्रणय सेठी निकालानुसार (२०१७) भावी वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळविल्यास ३,३६,००० रुपये होतात. सरला वर्मा निकालानुसार (२००९) या वयासाठी गुणक १६ आहे. कमाईतील घट २० टक्के धरल्यास या शीर्षाखाली १०,७५,२०० रुपये आणि ४० टक्के धरल्यास २१,५०,४०० रुपये येतात. उपचारखर्च, वेदना व यातना, भावी शस्त्रक्रिया यांसाठीची भरपाई याखेरीज असते. हे प्रमाण २० की ४० हे ठरविण्यासाठी डॉक्टरांची साक्ष, कामाच्या स्वरूपाचा पुरावा आणि उलटतपासणी लागते. वकिलाचे खरे काम येथे सुरू होते.

चूक जखमीचीच होती असा आक्षेप, चालकाकडे वैध परवाना नसणे, वाहनाचा विमा नसणे किंवा उत्पन्नाचा लेखी पुरावा नसणे, अशा प्रसंगीही वकिलाचे साहाय्य घेणे हिताचे ठरते.

शुल्काचा प्रश्न

मिळणाऱ्या भरपाईत ठरावीक टक्के वाटा, अशी बोली अनेकदा ऐकू येते. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरविणे वा वादातून मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे निषिद्ध आहे. मोटार अपघात दाव्याच्या शुल्कावरून उद्भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशी टक्केवारी सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरविली. म्हणून शुल्काची रक्कम आरंभीच निश्चित करून ती लेखी घ्यावी.

शुल्काच्या भीतीने मागे राहणाऱ्यांसाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये मोफत वकिलाची सोय आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि विहित उत्पन्नमर्यादेखालील नागरिक तीस पात्र आहेत. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

निर्णयाची वेळ

कलम १६६ च्या परंतुकानुसार, कलम १६४ ची भरपाई विहित पद्धतीने एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. लोकअदालतीतील निवाडाही अंतिम असतो. त्याविरुद्ध अपील करता येत नाही. तडजोड वाईट असते असे नव्हे. वर्षानुवर्षे रखडणाऱ्या दाव्यापेक्षा ती पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. परंतु कायमचे अपंगत्व राहील की नाही हे डॉक्टरांनी सांगण्यापूर्वी केलेली सही महाग पडू शकते. दावा चालविण्यासाठी वकील नेमावयाचा नसला, तरी सहीपूर्वी एकवेळचा सल्ला अवश्य घ्यावा.

दुसऱ्या बाजूने, निर्णय लांबविणेही धोक्याचे आहे. दुरुस्तीनंतर अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घालण्यात आली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून केवळ विलंबाच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये देण्यात आला. अंतरिम आदेश हा अंतिम निर्णय नव्हे. म्हणून सहा महिन्यांची मर्यादा पाळणेच सुरक्षित होय.

निष्कर्ष

वकील नेमण्याचा निर्णय दुखापत किती भयंकर दिसते यावरून न घेता, दाव्यात सिद्ध करण्याजोगे व वादग्रस्त असे काय आहे यावरून घेतला पाहिजे. निश्चित रक्कम पुरेशी असेल तर वकिलाची गरज नाही. कायमचे अपंगत्व, घटलेली कमाई वा जबाबदारीचा वाद असेल तर वकिलाविना जाणे म्हणजे हक्काच्या रकमेवर पाणी सोडणे होय. मात्र कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी हा विचार झाला पाहिजे. एवढी माहिती प्राध्यापकांनी आणि महाविद्यालयांतील विधी साहाय्य केंद्रांनी गरजू कुटुंबांपर्यंत वेळेवर पोहोचविली, तरी त्यांचे मोठे नुकसान टळू शकेल.