गच्चीवरची रात्र आणि बेझिलची कुंडी

पानावरून पडद्यावर : लेखांक ७

मे महिना सरत आलेला. कातेरीना आईच्या मागे लागते : उकाड्यानं जीव नकोसा झालाय, सज्जात गादी घालून द्या, बागेतल्या नाइटिंगेलचं गाणं ऐकत तरी झोपेन. बाप म्हातारा आणि जरा खडूस. आधी साफ नाही म्हणतो, मग पोरगी रात्रभर आईलाही झोपू देत नाही म्हटल्यावर नाइलाजानं कबूल होतो. त्या रात्री घरी येणं-जाणं असलेला रिचार्दो भिंतीवरून चढून सज्जात उतरतो. पहाटे बाप सहज डोकावतो, बिछान्याभोवतीचा पडदा बाजूला करतो, तर दोघं उघडीवाघडी, एकमेकांच्या मिठीत गाढ झोपलेली.

पुढं काय होणार, याचा अंदाज कुणीही बांधेल. पण हा बाप तलवार आणायला जात नाही. तो बायकोला हलकेच उठवून आणतो. ती आरडाओरडा करू लागते, तेव्हा तो तिला गप्प करतो आणि हिशेब सांगतो : पोरगा चांगल्या घरचा आहे, श्रीमंत आहे, असं स्थळ शोधून सापडायचं नाही. जागा झालेला रिचार्दो भीतीनं पांढराफटक पडतो. बाप त्याला दोनच वाटा देतो, लग्न किंवा मरण. बायकोच्या बोटातली अंगठी उसनी घेऊन तिथल्या तिथे, बिछान्यातच लग्न लागतं.

जोव्हान्नी बोकाच्चोच्या ‘डेकॅमेरॉन’मधली ही पाचव्या दिवसाची चौथी गोष्ट. मागच्या लेखांकात १३४८च्या प्लेगनं ओस पडलेलं फ्लॉरेन्स आणि शहराबाहेर जाऊन दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगणारे सात तरुणी नि तीन तरुण आपल्याला भेटले. या आठवड्यात त्याच पुस्तकावरचा पिएर पाओलो पासोलिनीचा १९७१चा चित्रपट पाहायचा आहे. त्यात नऊ-दहा गोष्टी आहेत. इथे त्यांतल्या दोनच प्रेमकथांपाशी थांबू, कारण पासोलिनीनं त्या एकापाठोपाठ एक ठेवल्या आहेत आणि चित्रपटाचं मर्म त्या शेजारात आहे.

दुसरी गोष्ट लिझाबेत्ताची. पुस्तकात ती चौथ्या दिवशी येते. त्या दिवसाचा विषयच मुळी शोकान्त प्रेमाचा. मेसिना शहरातले तीन व्यापारी भाऊ, त्यांची बिनलग्नाची बहीण आणि त्यांचा सगळा कारभार पाहणारा पिसाचा तरुण लोरेन्झो. एका रात्री बहीण लोरेन्झोच्या खोलीकडे जाताना थोरला भाऊ पाहतो. तो तेव्हा काहीच बोलत नाही. सकाळी तिघं मसलत करतात, लोरेन्झोशी नेहमीसारख्याच थट्टामस्कऱ्या करत राहतात आणि एक दिवस त्याला शहराबाहेर नेऊन मारून पुरतात. कामासाठी परगावी धाडलंय, असं घरी सांगतात.

लोरेन्झो लिझाबेत्ताच्या स्वप्नात येतो आणि जागा सांगतो. ती मोलकरणीला सोबत घेऊन जाते, पाचोळा बाजूला सारते, जमीन उकरते. अख्खा देह नेणं शक्य नाही हे कळताच सुरीनं त्याचं डोकं वेगळं करते, कापडात गुंडाळून घरी आणते आणि कुंडीत पुरून वर बेझिल लावते. हे बेझिल म्हणजे आपल्या तुळशीचं सख्खं भावंड. फालुद्यात पडणारा सब्जा याच झाडाचं बी. डोळ्यांतलं पाणी, गुलाबपाणी किंवा संत्र्याच्या फुलांचं पाणी, याखेरीज दुसरं पाणी ती त्या रोपाला घालत नाही.

दोन्ही गोष्टींतला गुन्हा, त्याला गुन्हा म्हणायचंच झालं तर, एकच आहे : घरच्यांच्या नकळत तरुण मुलीनं आपल्या मनाचा माणूस निवडला. फरक फक्त त्या माणसाच्या ऐपतीत. रिचार्दो खानदानी, म्हणून अंगठी. लोरेन्झो पगारी कारभारी, म्हणून खड्डा. पुस्तकात आधी रडवणारी गोष्ट येते, मग हसवणारी, आणि मधे इतर कितीतरी गोष्टी असल्यानं वाचकाला ही जोडी चटकन दिसत नाही. पासोलिनीनं क्रम उलटा केला आणि मधलं अंतर काढून टाकलं. गच्चीवरच्या लग्नाचं हसू ओठांवर असतानाच प्रेक्षक तीन भावांच्या घरात शिरतो. मग मागं वळून पाहिल्यावर त्या प्रेमळ बापाचा हिशेबही ऐकू येऊ लागतो.

ही जोडणी बोकाच्चोच्या मनाविरुद्ध नाही. प्रस्तावनेत त्यानं पुस्तक कुणासाठी लिहिलं ते स्पष्ट सांगितलं आहे : प्रेमात पडलेल्या, पण आईबाप, भाऊ आणि नवरे यांच्या मर्जीनं खोलीच्या चार भिंतींत दिवस काढणाऱ्या बायकांसाठी. कातेरीनाचा सज्जा आणि लिझाबेत्ताची कुंडी या त्याच चार भिंतींत शोधलेल्या दोन फटी आहेत.

शेवट मात्र पासोलिनीनं कापला. पुस्तकात शेजारी चुगली करतात, भाऊ कुंडी पळवतात, आत सापडलेल्या डोक्याचे कुरळे केस ओळखतात आणि घाबरून नेपल्सला पळ काढतात. लिझाबेत्ता कुंडी मागत मागत, रडत मरते. चित्रपट कुंडीपाशीच थांबतो. तिच्या मरणाऐवजी तिचं झाड राखणं प्रेक्षकाच्या लक्षात राहतं.

बोकाच्चोच्या पुस्तकातलं ते नेपल्स पासोलिनीच्या चित्रपटाचं घर झालं. त्यानं गोष्ट सांगणारे दहाही जण गाळले, टस्कनीची सुसंस्कृत भाषा दूर ठेवली आणि पात्रांच्या तोंडी नेपल्सची बोली दिली. हा निव्वळ लहरीपणा नव्हता. फ्लॉरेन्सच्या बार्दी पेढीसाठी काम करणाऱ्या वडिलांबरोबर बोकाच्चो पोरवयात नेपल्सला आला होता आणि त्याची तरुणपणाची वर्षं तिथेच गेली. इकडे पासोलिनीचा पहिला कवितासंग्रह १९४२ साली आला, तो फ्रिउली प्रांतातल्या बोलीत. प्रमाण भाषेत जे चेहरे फिके पडतात ते बोलीत जिवंत होतात, यावर त्याचा ठाम विश्वास. म्हणून पडद्यावर नावाजलेल्या नटांसोबत रस्त्यावरची माणसं दिसतात : पडलेले दात, रापलेली कातडी, मोकळं हसू.

गाळलेल्या कथेकऱ्यांच्या जागी पासोलिनी स्वतः उभा राहिला. थोर चित्रकार जोत्तोच्या पट्टशिष्याच्या भूमिकेत तो नेपल्सच्या सांता क्यारा चर्चमध्ये भित्तिचित्र रंगवायला येतो. जोत्तो स्वतः १३२८च्या सुमारास याच शहरात कामाला आला होता. एका दृश्यात हा चित्रकार बाजारात उभा राहून बोटांची चौकट करतो आणि तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडे पाहतो. चित्रकाराचं आणि दिग्दर्शकाचं पाहणं एकाच हातवाऱ्यात कळतं. अखेरीस भिंतीवरच्या तीन भागांतले दोन रंगून होतात, तिसरा कोराच राहतो. आणि चित्रकाराला प्रश्न पडतो की स्वप्नात इतकं सुंदर दिसलेलं चित्र प्रत्यक्षात काढायचं तरी कशाला.

चित्रपटाला १९७१च्या बर्लिन महोत्सवात ज्यूरीचं विशेष पारितोषिक म्हणून रुपेरी अस्वल मिळालं. पाठोपाठ ‘द कँटरबरी टेल्स’ (१९७२) आणि ‘अरेबियन नाइट्स’ (१९७४) आले आणि ‘जीवनाची त्रिधारा’ पुरी झाली. पण दरम्यान इटलीत ‘डेकॅमेरॉन’च्या नावाखाली स्वस्त, चावट चित्रपटांची रांग लागली. उघड्या देहाचा निरागस आनंद बाजारानं गिळला, असं पासोलिनीला वाटू लागलं आणि १९७५ साली त्यानं आपली त्रिधारा लेख लिहून नाकारली. तो लेख छापून येण्याआधीच, २ नोव्हेंबर १९७५ रोजी, ओस्तियाजवळ त्याचा खून झाला.

पासोलिनीनं गाळलेले दहा कथेकरी पडद्यावर आणले ते पाओलो आणि व्हित्तोरिओ तावियानी या भावांनी, २०१५च्या ‘मारावील्योझो बोकाच्चो’मध्ये. पुढच्या आठवड्यात त्या चित्रपटातल्या फेदेरीगोच्या घरी जायचं आहे. सगळी दौलत एका बाईच्या प्रेमापायी उधळून बसलेल्या या माणसाकडे आता एक ससाणा तेवढा उरला आहे आणि नेमकी तीच बाई आज त्याच्या दारात आली आहे.